बासष्टाव्या भागाची पूर्वतयारी: ‘ब्रेकिंग बॅड’चा शेवट कसा पाहावा

‘ब्रेकिंग बॅड’चे एकसष्ट भाग पाहून झाले आहेत आणि आता एकच शिल्लक आहे, अशा प्रेक्षकासाठी हा लेख आहे. ज्यांची गाडी अजून दुसऱ्या-तिसऱ्या पर्वात आहे त्यांनी तो सध्या वाचू नये, कारण आधीच्या घटनांचा उल्लेख टाळून काही उपयोगाचे सांगणे शक्य नाही. शेवटच्या भागात काय घडते ते मात्र ‘पाहून झाल्यावर’ या मथळ्यापर्यंत कुठेही सांगितलेले नाही. तिथवर आल्यावर वाचन थांबवावे, भाग पाहावा आणि मग उरलेले वाचावे.

एखादा भाग पाहायला तयारी कसली लागते, हा प्रश्न रास्त आहे. ‘सीआयडी’सारख्या मालिकेला ती लागत नाही. दीड हजारांहून अधिक भाग झाले तरी त्यातला कोणताही भाग सुटा काढून पाहता येतो, कारण प्रेत सापडण्यापासून दार तोडण्यापर्यंतचा सगळा प्रवास बहुधा एकाच बैठकीत पुरा होतो. व्हिन्स गिलिगन यांनी ‘ब्रेकिंग बॅड’ रचली ती नेमकी उलट रीतीने. एएमसी या अमेरिकी वाहिनीवर ही मालिका २० जानेवारी २००८ ते २९ सप्टेंबर २०१३ या काळात पाच पर्वांत प्रसारित झाली, पण कथेतला काळ जेमतेम दोन वर्षांचा आहे: रसायनशास्त्र शिकवता शिकवता मेथ हे अमली द्रव्य बनवू लागलेल्या वॉल्टर व्हाइटच्या पन्नासाव्या वाढदिवसापासून बावन्नाव्यापर्यंतचा. या दोन वर्षांत त्याने कोणाकोणाचे देणे करून ठेवले ते पन्नासएक तासांच्या कथनात विखुरलेले आहे आणि अखेरच्या पंचावन्न मिनिटांत त्याचा हिशेब होतो. देणी आठवत नसतील तर समोर चाललेली फेड कळते, पण भिडत नाही.

कळस कुठे आहे

शेवटच्या भागाबद्दल निराश होणारे बहुतेक प्रेक्षक एकाच अपेक्षेमुळे निराश होतात. आजवर जे ताणत नेले ते इथे सर्वांत जास्त ताणले जाईल, असे त्यांनी गृहीत धरलेले असते. या मालिकेत तो ताण साठाव्या भागात, म्हणजे ‘ओझिमँडियस’मध्ये, तुटून गेलेला आहे. मोइरा वॉली-बेकेट यांनी लिहिलेल्या आणि रायन जॉन्सन यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या भागात वॉल्टरचा पोलीस साडू हँक वाळवंटात मारला जातो, नवराबायकोत सुरीवरून झटापट होते आणि तान्ह्या होलीला अग्निशमन केंद्रात सोडून वॉल्ट परागंदा होतो. त्यापलीकडे थरार वाढवायला जागाच उरत नाही. एकसष्टावा भाग, ‘ग्रॅनाइट स्टेट’, न्यू हॅम्पशायरच्या बर्फात मुद्दाम गोठवून ठेवलेला आहे. बासष्टावा सुरू होतो तेव्हा वॉल्टरकडे गमावण्यासारखे फारसे काही राहिलेले नसते, आणि ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही नाही त्याच्याबद्दल वाटणारी भीती वेगळ्या जातीची असते. ही भीती हळू चालते. ती ओळखू यावी म्हणून कान आणि डोळे थोडे शांत असावे लागतात.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना अशी की, शेवटचे तीन भाग एका रात्रीत संपवू नयेत. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना ते १५, २२ आणि २९ सप्टेंबर २०१३ या तीन रविवारी मिळाले. म्हणजे ‘ओझिमँडियस’चा धक्का पचवायला त्यांना एक आठवडा आणि बर्फातला एकांत सोसायला दुसरा आठवडा मिळाला. मी स्वतः पहिल्या वेळी तिन्ही भाग सलग पाहिले. पहाटे तीनच्या सुमारास शेवटचा भाग संपला तेव्हा मला मालिका संपल्याचे दुःख व्हायला हवे होते, आणि झाले ते केवळ डोळ्यांची आग. आठवडाभराची शिस्त आज कोणी पाळणार नाही, हे मान्य आहे. निदान साठाव्या भागानंतर एक दिवस आणि एकसष्टाव्यानंतर दोन दिवस मोकळे ठेवावेत.

उजळणी

त्या दोन दिवसांत संपूर्ण मालिका पुन्हा पाहण्याची गरज नाही. काही भाग पूर्ण आणि काहींतली मोजकी दृश्ये पाहिली तरी पुरते.

पहिल्या पर्वाचा पहिला भाग पूर्ण पाहावा. त्यात वॉल्टरच्या तोंडी ‘कुटुंब’ हा शब्द कधी, कोणासमोर आणि कोणत्या सुरात येतो, याकडे विशेष लक्ष द्यावे. पुढच्या पाच पर्वांत त्याने केलेल्या प्रत्येक कृत्याचे समर्थन याच शब्दाने केलेले आहे आणि शेवटच्या भागात या शब्दाची गाठ पडणार आहे, एवढेच सांगतो. त्याच भागातली न्याहारीची ताटलीही लक्षात ठेवावी. वॉल्टरच्या बायकोने, स्कायलरने, बेकनच्या पट्ट्यांनी अंड्यांवर ‘५०’ हा आकडा मांडलेला असतो. पाचव्या पर्वाच्या चौथ्या भागात तीच ‘५१’ मांडते, पण मुलाने आठवण करून दिल्यावर, आणि तेही मन नसताना. पाचव्या पर्वाच्या अगदी पहिल्या दृश्यात दाढी वाढलेला, एकटा वॉल्टर हॉटेलात बसून स्वतःच पट्ट्या मोडून ‘५२’ करतो. तीन ताटल्यांत सारा संसार उलगडतो, आणि संवाद लिहिणाऱ्याला त्यासाठी एक ओळही खर्चावी लागलेली नाही.

पाचव्या पर्वातली दोन दृश्ये तर पाहायलाच हवीत, कारण ती कालक्रमाने शेवटाला चिकटलेली आहेत. पहिले हे ‘५२’चे. त्यात तो हॉटेलाबाहेरच्या वाहनतळावर एका गाडीच्या डिकीत ठेवलेली मशीनगन ताब्यात घेतो. दुसरे नवव्या भागाच्या आरंभीचे: ओसाड पडलेले घर, कोरड्या जलतरण तलावात स्केटबोर्ड खेळणारी मुले, भिंतीवर फवारलेले ‘हायझेनबर्ग’ हे वॉल्टरचे टोपणनाव, आणि विजेच्या प्लगमागे दडवलेली रायसिन या विषाची कुपी. बंदूक कोणासाठी आणि विष कोणासाठी, हे दोन प्रश्न हातात घेऊनच शेवटच्या भागात शिरायचे आहे. यातली गंमत अशी की बंदुकीचे दृश्य चित्रित झाले तेव्हा ती कोणावर चालणार हे खुद्द लेखकमंडळींनाही ठाऊक नव्हते, असे गिलिगन यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले आहे. स्वतःच पाडलेल्या पेचातून सुटायला त्यांच्यापाशी सव्वा वर्षाहूनही कमी अवधी होता.

ग्रेचेन आणि एलियट श्वार्ट्झ हे दांपत्य बऱ्याच जणांच्या स्मरणातून निसटलेले असते, आणि ‘ग्रॅनाइट स्टेट’च्या शेवटी ते दूरचित्रवाणीवर मुलाखत देताना दिसले की प्रेक्षक कपाळाला आठ्या घालतो. त्यांच्यासाठी पहिल्या पर्वाचा पाचवा भाग पाहावा. तिघांनी मिळून काढलेल्या ‘ग्रे मॅटर’ या कंपनीतला आपला हिस्सा वॉल्टरने अवघ्या पाच हजार डॉलरना विकला होता आणि पुढे ती कंपनी अब्जावधी डॉलरची झाली, हे तो पाचव्या पर्वाच्या सहाव्या भागात आपल्या धंद्यातल्या साथीदाराला, जेसीला, सांगतो. त्या क्षणीचा त्याचा चेहरा या सगळ्या गुन्हेगारीच्या मुळाशी आहे, असे माझे मत आहे. कर्करोग हे निमित्त होते.

आणखी तीन लहान दृश्ये. तिसऱ्या पर्वाच्या नवव्या भागात व्यसनमुक्तीच्या गटापुढे जेसी शाळेत सुतारकामाच्या तासाला बनवलेल्या लाकडी पेटीची हकीकत सांगतो, ती नीट ऐकावी. पाचव्या पर्वाच्या चौथ्या भागात तो वॉल्टरला वाढदिवसाला मनगटी घड्याळ देतो. त्याच पर्वाच्या आठव्या भागात वॉल्टरची धंद्यातली भागीदार लिडिया कॅफेत बसून चहात काय मिसळते, हे पाहून ठेवावे. यापेक्षा अधिक सांगितले तर आगाऊपणा होईल.

घर आणि पडदा

भारतात ही मालिका नेटफ्लिक्सवर पाहता येते. भाग संपला की श्रेयनामावली कोपऱ्यात आकसते आणि दुसऱ्याच कोणत्या तरी मालिकेची जाहिरात गाजू लागते, ही या सोयीची सर्वांत असंस्कृत बाजू आहे. आपल्या प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये पुढचा भाग आणि झलक आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो. तो आदल्या दिवशीच बंद करावा. शिफारशींच्या रांगेत याच कथाविश्वातल्या पुढच्या कलाकृती हमखास दिसतात. त्यांच्या पोस्टरकडे आणि वर्णनाकडे पाहू नये, कारण तिथे एका ओळीत बरेच काही फुटलेले असते. त्या काळात शोधपट्टीत कोणत्याही नटाचे किंवा पात्राचे नाव टाकू नये. नाव अर्धे लिहून होताच पुढचे शब्द सुचवले जातात आणि ते शब्द क्वचितच सभ्य असतात.

रिमोट दूर ठेवावा, आणि याला एक कारण आहे. थांबवण्यासाठी किंवा आवाज वाढवण्यासाठी बटण दाबले की बऱ्याच उपकरणांवर पडद्याच्या तळाशी उरलेल्या वेळेची पट्टी उमटते, आणि थरारकथेला तिच्याइतका घातक शत्रू नाही. बावीस मिनिटे उरलेली दिसली की मन नकळत गणित मांडते: म्हणजे इतक्यात हा मरणार नाही. धोका तिथेच संपतो. आवाज सुरुवातीलाच बेतशीर लावून घ्यावा. या भागात काही वाक्ये कुजबुजल्यासारखी आहेत आणि एक प्रसंग प्रचंड गोंगाटाचा आहे, त्यामुळे रात्री पाहणार असाल तर हेडफोन बरे.

सबटायटलविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. इंग्रजी उच्चार समजायला ती अनेकांना लागतात आणि त्यात कमीपणा काही नाही. पण सबटायटल बहुधा नटाच्या ओठांआधी अर्धा क्षण उमटते, आणि जिथे माणूस बोलण्यापूर्वी थांबतो तिथे तो थांबा वाचणाऱ्याच्या वाट्याला येतच नाही. गेले काही भाग सबटायटलशिवाय समजत असतील तर शेवटचाही तसाच पाहावा. समजत नसतील तर खुशाल चालू ठेवावीत. अर्धवट कळलेल्या संवादापेक्षा आधी कळलेला संवाद पत्करला.

ही मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेली आहे. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय कारखान्यातूनच चालू असते आणि तिच्यामुळे फिल्मवरचे चित्र दुपारच्या कौटुंबिक मालिकेसारखे दिसू लागते. चित्राच्या सेटिंगमध्ये ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ हा पर्याय निवडला की ही सोय बहुतेक टीव्हींवर बंद होते. पहिलेच दृश्य रात्रीचे आणि मिणमिणत्या उजेडाचे आहे, तेव्हा खोलीतला दिवा मालवावा.

घरात कूकर लावलेला असताना बसू नये. तिसऱ्या शिट्टीला उठणारा प्रेक्षक शेवटच्या भागाचा अर्धाच प्रेक्षक असतो. वीज बेभरवशाची असेल तर भाग फोनवर किंवा टॅबवर उतरवून ठेवावा. आधी पाहिलेला मित्र शेजारी बसणार असेल तर त्याला पडद्याकडेच पाहायला सांगावे. तो तुमच्या चेहऱ्याकडे पाहू लागला की आता काहीतरी होणार, हे तुम्हाला कळतेच. हिंसा उघडी आहे, लहान मुले जागी असताना हा भाग लावण्यासारखा नाही.

पाहताना

पहिल्या पाच मिनिटांत वॉल्टर एका बर्फाने झाकलेल्या गाडीत बसलेला आहे. तो काय बोलतो ते ऐकावे आणि तो कोणाशी बोलतो आहे, हा प्रश्न मनात ठेवून पुढे जावे. त्या गाडीत वाजणाऱ्या कॅसेटमधल्या गाण्याकडे दुर्लक्ष करू नये. या भागाच्या ‘फेलिना’ या नावाचा एक धागा त्यात आहे.

पुढे तो घरांत शिरतो, माणसांना भेटतो, आणि प्रत्येक वेळी कॅमेरा त्याला कसा दाखवतो हे पाहण्यासारखे आहे. आधीच्या पर्वांत तो खोलीत शिरला की खोली त्याची होत असे. इथे तो कडेला, मागे, अंधारात, एखाद्या आडोशाशी उभा असतो आणि आपल्याला उशिरा दिसतो. एका स्वयंपाकघरातले दृश्य या दृष्टीने अप्रतिम आहे. तिथे चौकटीच्या मध्यावर काय उभे आहे ते पाहून ठेवा. सार्वजनिक दूरध्वनीपाशी त्याच्या मनगटाकडे पाहावे. लिडिया दिसेल तेव्हा तिच्यासमोरच्या टेबलाकडे.

कोणती गोष्ट कशी जुळली हे पाहतापाहताच सोडवत बसू नये. या भागात योगायोग आणि योजना दोन्ही पुष्कळ आहेत आणि त्यांची तपासणी करायला दुसरे पाहणे आहेच. पहिल्या वेळी थांबवणे नाही, मागे नेणे नाही. चित्र काळे झाले तरी नावे पूर्ण सरकू द्यावीत.

पाहून झाल्यावर

इथून पुढे शेवटाचा उघड उल्लेख आहे.

या भागाचे हृदय गोळीबारात नाही, असे मला दर वेळी वाटते. ते स्कायलरच्या लहानशा नव्या घरातल्या स्वयंपाकघरात आहे. फोन ठेवल्यावर कॅमेरा पुढे सरकतो आणि खांबाआड इतका वेळ उभा असलेला वॉल्टर दिसतो. तो पुन्हा तेच जुने ‘कुटुंबासाठी’ म्हणणार, या भीतीने ती वैतागते, आणि तो म्हणतो की हे सगळे मी माझ्यासाठी केले, मला ते आवडत होते, मला ते जमत होते. पहिल्या भागाची उजळणी सांगितली होती ती या वाक्यासाठी. ते ऐकताना दोन वर्षांच्या खोटेपणाचे वजन ज्याच्या कानांत ताजे आहे, त्यालाच स्कायलरच्या चेहऱ्यावर उमटणारी सुटका समजते. ही कबुली तिला काही परत देत नाही. पण तिला वेड्यात काढणे त्याने थांबवले, एवढे त्यातून घडते.

घड्याळाची गोष्ट मात्र थोडी मजेची आहे. दूरध्वनीच्या डब्यावर वॉल्टर जेसीने दिलेले घड्याळ काढून ठेवतो आणि निघून जातो. एक नाते टाकून दिले, वेळ संपली, असे कितीतरी अर्थ त्यातून निघाले. गिलिगन यांनी सांगितलेले कारण साधे होते: चौदा महिन्यांपूर्वी दाखवलेल्या त्या ‘५२’च्या दृश्यात त्याच्या हातात घड्याळ नव्हते, तेव्हा आता ते कुठेतरी काढायलाच हवे होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. अडचण निस्तरताना हाती लागलेला अर्थ हा मोठ्या मालिकांचा नेहमीचा अनुभव आहे.

‘फेलिना’ या नावाची फोड आता करता येईल. इंग्रजीत त्यातली अक्षरे फिरवली की ‘फिनाले’ हा शब्द होतो. लोह, लिथियम आणि सोडियम यांच्या रासायनिक संज्ञा ओळीने मांडल्या तरी हेच नाव तयार होते, आणि रसायनशास्त्राच्या मास्तरच्या कथेला ते शोभतेही. गाडीतले गाणे म्हणजे मार्टी रॉबिन्स यांचे १९५९ सालचे ‘एल पासो’. त्यातला पळून गेलेला घोडेस्वार फेलिनाच्या ओढीने मरण समोर दिसत असताना परत फिरतो आणि तिच्या मिठीत प्राण सोडतो. अखेरीस वाजणारे बॅडफिंगरचे ‘बेबी ब्लू’ ऐकताना वॉल्टर प्रयोगशाळेतल्या उपकरणांवरून हात फिरवत असतो. त्याची फेलिना कोण, हे तिथे कळते. बायको नव्हे, मुले नव्हेत. निळा माल आणि तो बनवण्याचे कसब.

जेसीच्या पेटीचे उत्तर याच भागात मिळते. लाकडावर प्रेमाने हात फिरवणारा तरुण आपल्याला दिसतो आणि पुढच्याच क्षणी साखळीचा हिसका बसतो. ज्यांना तिसऱ्या पर्वातली हकीकत आठवत नव्हती त्यांनी आता ती काढून पाहावी आणि मग हे दृश्य पुन्हा लावावे.

टीका वाचायची असेल तर एक रात्र जाऊ द्यावी. हा शेवट फार नेटका झाला, वॉल्टरच्या सगळ्याच इच्छा पुऱ्या झाल्या, अशी तक्रार त्या काळीच झाली. ‘न्यूयॉर्कर’च्या तेव्हाच्या समीक्षक एमिली नसबॉम यांना तर तो बर्फातल्या गाडीत मरणाऱ्या माणसाचे स्वप्न असता तर अधिक पटला असता. मला ही तक्रार अर्धीच पटते. श्वार्ट्झ दांपत्याच्या घरात ठेवलेले ९७ लाख २० हजार डॉलर त्याच्या मुलाला मिळतीलही, पण ते आपल्या बापाचे आहेत हे त्या मुलाला कधीच कळू द्यायचे नाही, अशीच ती योजना आहे. ज्या माणसाला आयुष्यभर श्रेय हवे होते त्याच्यासाठी ही शिक्षा हलकी नाही. नऊएक महिन्यांनी दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा हे दृश्य आधी तपासा.

जेसीची गाडी फाटक तोडून जिथे निघून जाते तिथूनच ‘एल कमिनो’ हा ११ ऑक्टोबर २०१९ रोजी आलेला चित्रपट सुरू होतो. तो लगेच पाहण्याचा मोह आवरावा. जेसीचे ते रडत-हसत ओरडणे निदान दोन-तीन आठवडे कानांत अपूर्णच राहू द्यावे. त्यानंतर वॉल्टरचा वकील सॉल गुडमन याची मालिका ‘बेटर कॉल सॉल’. तिचा बहुतेक भाग आधीच्या काळातला असला तरी त्यातली कृष्णधवल दृश्ये ‘ब्रेकिंग बॅड’नंतरची आहेत, म्हणून ती याच क्रमाने पाहावी. ती २०२२ मध्ये संपली आणि तिचे भाग आहेत त्रेसष्ट, म्हणजे हिच्यापेक्षा एक जास्तच.